इथली आयरिश

नागपूरच्या विमानतळावर बाबांना आत येता येईना, म्हणून ते दारातल्या जवानाशेजारी उभे राहून हात हलवत होते. "दोन वर्षांचंच तर काम आहे," असं पुन्हा पुन्हा म्हणत होते, मला की स्वतःला, कोण जाणे. आई काहीच बोलली नाही. माझी ओढणी तेवढी तिनं सारखी केली.

ती दोन वर्षं अजून संपलेली नाहीत. तुम्ही तिकडे म्हणता, रमली पोरगी. रमलेच. पण "कुठली गं तू?" असं कुणी विचारलं की अजून अडखळते. माझ्यासारखे जे निघून आले, त्यांना हे अडखळणं माहीत आहे.

इथे अमेरिकेत, पार्सिपनीत, आमच्या शेजारी मोरीन राहतात. वय ऐंशीच्या घरात, मुलं लांबलांबच्या राज्यांत. इरा झाली तेव्हा आमचं इथे कुणीच नव्हतं. बाळंतिणीला काय द्यावं हे न सुचून त्या घरी भाजलेला गरम ब्रेड घेऊन आल्या, बाळाला मांडीवर घेऊन बसल्या, आणि माझ्या मुलीचं निम्मं बालपण त्यांच्याच घरात गेलं.

मोरीनचे आजोबा कोवळ्या वयात आयर्लंडहून बोटीनं आले, ते परत गेलेच नाहीत. त्यांच्या गावात म्हणे, कुणी अमेरिकेला निघालं की आदल्या दिवशी सगळे जमायचे, मयताला जमतात तसे. माणूस पुन्हा दिसणार नाही हे धरूनच चालायचे. मोरीननी हे सांगितलं आणि आईचं ते गप्प राहणं मला वेगळंच दिसायला लागलं.

दर मार्चमध्ये सेंट पॅट्रिक्स डेच्या, म्हणजे आयरिश लोकांच्या सणाच्या, परेडला मोरीन हिरवा कोट घालून, आजोबांच्या परगण्याच्या बॅनरमागे ताठ मानेनं चालायच्या. आयर्लंड मात्र कधी पाहिलं नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात एकदाच्या जाऊन आल्या. तिथं काय झालं ते खूप दिवसांनी बोलल्या. आजोबांच्या गावातल्या दुकानदाराला त्यांनी कौतुकानं सांगितलं होतं, "मीही आयरिशच." तो हसून म्हणाला होता, "तुम्ही अमेरिकन सगळे असंच म्हणता."

मार्च आला तशा म्हणाल्या, "यंदा परेड कॅन्सल. सोंग कशाला करायचं?"

मला 'बरं' म्हणून सोडून देता आलं असतं. पण मागच्या सुट्टीत आमच्या अमरावतीच्या बाजारात भाजीवाली माझ्याशी हिंदीत बोलायला लागली होती. मी मराठीत बोलत होते, तरीही. आणि इराला तर मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं इंग्लिशमध्ये.

"मोरीन, तुमच्यासाठी नको, माझ्यासाठी चला," मी म्हणाले. "तुम्ही जर आयरिश नाही, तर उद्या माझ्या इराची मुलं कोण?"

"त्यांचा नि माझा काय संबंध?"

"तुमचे आजोबा आले तशीच मी आले ना? म्हणजे तुम्ही माझी नातच झालात."

त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. "आजी," त्या मला म्हणाल्या, "तू म्हणतेस तर जाते."

परेडच्या दिवशी बोचरा वारा सुटला होता. मोरीनचा गुडघा दुखतो म्हणून इरा त्यांचा हात धरून सोबत चालली, तीही हिरवा स्कार्फ गुंडाळून. माझ्याजवळ फुटपाथवर उभ्या असलेल्या एका बाईनं तिला विचारलं, "तू पण आयरिश का, स्वीटी?"

"शी इज," मोरीनकडे बोट दाखवत इरा म्हणाली. "मी मराठी." 'मी मराठी' हे दोन शब्द तिनं मराठीत म्हटले, अगदी सहज.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे झोपायची वेळ झालेली. मी कॅमेरा रस्त्याकडे फिरवला.

"कुणाची वरात आहे वं ही?" आईनं विचारलं.

"शेजारच्या मोरीनबाईंची. इराही आहे त्यात."

"मग आपलीच म्हण की," आई म्हणाली. "उभी काय राहिलीस? जा, चाल त्यांच्यासोबत."

मी फोन हातात तसाच चालू ठेवला आणि रस्त्यावर उतरले. आईला घेऊनच.