कोरडं कुटार

घोडीवाला खूण हातानं नाही, हनुवटीनं करायचा. हनुवटी वर गेली की आम्ही समजायचो, घोडीला खोकला आला. आता बँड जोरात वाजवायचा.

बोरी अरबच्या वरातींत मी ट्रम्पेट वाजवायचो आणि माझ्यामागे त्याची पांढरी घोडी चालायची. नवरदेवापेक्षा हाच जास्त नटलेला. फेटा, अत्तर, कडक इस्त्री. घोडीला मात्र बारमाही दमा. श्वास सोडताना तिचं पोट दोनदा आत जायचं, फासळ्यांमागे खोल रेघ उमटायची. कोणी विचारलंच तर याचं ठरलेलं उत्तर, "घोडी हाय ते, आवाज तं येनारच!"

जनावरांच्या डॉक्टरनं त्याला माझ्यासमोर सांगितलं होतं, "तुरीचं कुटार खाताना त्या भुशाची धूळ हिच्या छातीत जाते. भिजवून देत जा. कोंदट गोठ्यात बांधू नको." म्हणजे औषध काय, तर एक बादली पाणी.

बादली होती की त्याच्याकडे! रोज संध्याकाळी खाटेपुढचं अंगण तो स्वतः शिंपायचा. "मले धूळ सोसत नाही ना, मास्तर," म्हणत चहा प्यायचा. तिकडे घोडी कोरड्या कुटारात नाक खुपसून खोकत असायची. उरलेलं पाणी हा नालीत ओतायचा. इतका हलका माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि त्याचा चहा मी रोज प्यायचो, कारण वरातीची कामं तोच आणायचा.

एकदा मारुतीच्या देवळापुढे बँड थांबला. नवरदेव दर्शनाला उतरला, आणि त्या शांततेत घोडीची घरघर साऱ्यांना ऐकू आली. नवरदेवाची आई कळवळली, "अवो बाई, किती दम लागून राह्यला हिले! राहू द्या, पोरगं पायीच येते."

हनुवटी वर गेली. मी ट्रम्पेट तोंडाला लावलं. बाई पुढं काय बोलत होती, ते कोणाला कळलं नाही. नवरदेव पुन्हा घोडीवर चढला.

त्याच उन्हाळ्यात ती गोठ्यात मेली. नाकपुड्यांत कुटाराचा भुसा तसाच होता.

आता तो वणीला मुलाकडे राहतो. दारावरून कोळशाचे ट्रक जातात. परवा त्याचा फोन आला. मधे मधे खोकत होता.

"लय धूळ हाय इथं, मास्तर. आडवा झालो का छाती वाजते."

'माणूस हाय, आवाज तं येनारच', अगदी जिभेवर आलं होतं. पण म्हणालो, "दारात पाणी मारत जा, भाऊ. धूळ बसते."

फोन ठेवला. पाणी मारत जा. त्या ओल्या अंगणात इतक्या संध्याकाळी बसलो, पण घोडीसाठी एवढं माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं.