हळदीच्या पोटाचा किडा

इथे परदेशात, श्रूजबरीच्या आमच्या घरात मासे गॅरेजमध्येच शिजायचे. माझं माहेर मालवणचं, आमचे हे पुण्याचे, आणि माशाच्या वासाने यांचं डोकं उठतं हे लग्नाआधीच सांगून झालेलं. म्हणून गॅरेजच्या कोपऱ्यात एक लाकडी टेबल, त्यावर विजेची शेगडी, आणि वास जायला दार अर्धं वर केलेलं. बांगडा तिथेच तळायचा, तिथेच एकटीने खायचा आणि हात घासून घरात यायचं. तीसेक वर्षं असं चाललं. मी तक्रार केली नाही, पण विसरलेही नाही.

मग हे रिटायर झाले आणि मासे पकडायला लागले.

मैत्रिणीला फोनवर सांगितलं, तर तिने मला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मासे, आणि तेही भर हिवाळ्यात. धरणाखाली नदी गोठत नाही, तिथे हे रबरी विजार चढवून मांडीभर पाण्यात उभे राहायचे. पहिल्या दिवशी मी कोकमं भिजत घालून वाट बघत बसले. हे आले ते हात हलवत.

"मासा कुठाय?"

"सोडला."

"का?"

"सोडायचाच असतो."

मी मुलीला फोन केला. ती म्हणाली, "मम्मी, इट्स कॅच अँड रिलीज. पीपल डू दॅट." म्हणजे ज्याला खायचं नाही त्याने जाऊन धरायचा, आणि जिला खायचाय तिच्यापर्यंत येऊ द्यायचा नाही. माझ्या ताटातल्या माशाकडे या माणसाने कधी मान वळवून पाहिलं नाही. आता नदीतल्या माशांचे फोटो मला दाखवायचा, हा बघ, याचे ठिपके बघ.

खरं सांगायचं तर मला माशाचं एवढं काही नव्हतं. मला भीती वाटत होती. इतकी वर्षं ऑफिस होतं, म्हणून माणूस घराबाहेर. आता ऑफिस संपलं, तरी बाहेरच. बर्फाच्या पाण्यात तासन्‌तास उभं राहणं जमतं आणि माझ्यासमोर बसणं जमत नाही, असं तर नाही? विचारलं तर म्हणाले, "तिथे शांत वाटतं." मग घरात गोंगाट कोणाचा, हे मी विचारलं नाही. उत्तर काय येईल ते मला कळत नव्हतं.

त्यात भर म्हणून हे गॅरेजमधल्या माझ्या टेबलावर आले. शेगडी फळीवर गेली आणि तिच्या जागी छोटा शिकंजा, दोरे, पिसं. शिवाय एक नवा कोरा हीटर. नदीच्या तळाशी दगडांखाली स्टोनफ्लाय नावाचा किडा असतो, पंख फुटायच्या आधीचा. थंडीत ट्राउट मासा सुस्तावून तळाशीच बसतो आणि तोंडासमोर आलेला हा किडा तेवढा खातो. तसाच खोटा किडा गळावर बांधायचा. म्हणून हे रोज गळाला शिशाची तार गुंडाळायचे, मग लोकरीचं पोट, टर्कीच्या पिसाची पाठ, दोन शेपट्या. बांधायचे आणि उसवायचे. मी चहा द्यायला जायचे आणि तिथेच उभी राहायचे. का, ते माहीत नाही. चिडले होते हे नक्की.

एकदा म्हणाले, "पोट पिवळं हवं. हा दोरा फिका वाटतो ना?"

"आजारी वाटतो," मी म्हटलं.

आणि काय मनात आलं कोण जाणे, पांढऱ्या लोकरीचा धागा घेऊन हळद-तुरटीच्या पाण्यात उकळला. हे इंजिनिअर. लगेच शंका. "अगं, माशांना वास येतो."

"तुमच्या माशाला माझ्या हळदीचा वास आला तर आला. तुम्हाला माझ्या माशाचा येतोच की."

मग यांनी तोच धागा घेऊन किडा बांधला, वर धरून पाहिला आणि म्हणाले, "उद्या चल. तुझा किडा आहे, तूच टाक."

मी गेले. यांनी फोनवरच माझं मासेमारीचं लायसन्स काढून दिलं, स्वतःचा जादा कोट मला घातला. बोटं बधिर झाली, नाक वाहायला लागलं आणि यांना इथे काय शांत वाटतं ते मला शेवटपर्यंत समजलं नाही. तेवढ्यात दोरी तळाशी अडली. दगड असेल म्हणून ओढली, तर दगड हलला. हातभर ट्राउट. हळदीचं पोट त्याच्या ओठात.

"सोडू?" मी विचारलं. मी का विचारलं? सोडायला मी काय यांच्या पंथातली?

हे माशाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "घरी ने. आत कर, किचनमध्ये."

ही परवानगी ऐकायला मी किती वर्षं कान टवकारून बसले होते, आणि ऐकली तेव्हा मला आनंद झाला की राग आला, तेच कळेना.

घरी येऊन मासा साफ केला, मीठ-हळद-तिखट लावलं. तेल तापलं, मासा तव्यात सोडला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी गॅरेजमध्ये आहे. पिसं बाजूला सारलेली, शेगडी फळीवरून काढलेली, दार अर्धं वर. हे सगळं मीच केलं होतं.

"आत म्हटलं होतं ना मी?" हे पायरीवर उभे होते.

"हो की," मी म्हटलं.

हे आत गेले. मला वाटलं, झालं, गेले. तर एका हातात वरणभाताचं ताट आणि दुसऱ्या हातात घडीची खुर्ची घेऊन परत आले आणि माझ्यासमोर बसले. जेवायला लागले. मी काटे काढत होते, हे बघत होते. दारातून गार वारा थेट पाठीवर येत होता.

"हीटर तर मी यंदा आणला," हे म्हणाले. "त्याआधी इथे काय होतं?"

"काही नाही. कोट घालून खायचे."

यांनी हातातला घास खाली ठेवला. मग उठले, दारापाशी गेले आणि ते अर्धं उघडं दार पार खाली ओढलं. वास आत कोंडला. हे परत खुर्चीवर बसले आणि भात कालवू लागले.