राउटरच्या पानावरची हजेरी

आमचे वडील, आबा, जळगावच्या एका डाळमिलमध्ये हजेरी लिहायचे. रिटायर झाले, पण सवय काही सुटली नाही. माझ्या मोठ्या भावाने, भाऊने, एकदा त्यांना मोबाइलवर घरच्या राउटरचं पान उघडून दाखवलं होतं, वाय-फायला कोणाकोणाचे फोन जोडलेत ते. झालं! तेव्हापासून रोज जेवण झालं की आबा चष्मा लावून ते पान बघत बसतात. "समोरच्या पार्लरवाल्या ताई आल्या," "तुझा लॅपटॉप कुठे गेला गं?" पासवर्ड अख्ख्या गल्लीकडे होता. कुणाला नाही म्हणणं आबांना जमतच नाही.

एका दुपारी त्यांनी हाक मारली. "इकडे ये बरं. हा कोण नाव न सांगता येऊन बसलाय?"

यादीत एक ओळ कोरी होती. मी घरूनच सॉफ्टवेअर तपासायचं काम करते, त्यामुळे असलं काही दिसलं की मला चैन पडत नाही. चौकशी केली तर तो पार्लरवाल्या ताईंचा नवा फोन निघाला. ताईंनी हौसेने फोनचं नाव इंग्रजीत 'क्वीन' ठेवलेलं आणि सजावट म्हणून दोन्ही बाजूंना टोकदार कंस टाकलेले. त्या हसत सुटल्या, माझं मात्र हसू गेलं. टोकदार कंस दिसले की ब्राउझर आतल्या मजकुराला नाव समजत नाही, हुकूम समजतो. 'क्वीन' नावाचा हुकूम त्याला ठाऊक नव्हता, म्हणून ओळ कोरी. म्हणजे फोन आपलं जे नाव सांगेल ते हे पान न तपासता मांडत होतं. खात्री करायला मी माझ्या फोनच्या नावातच एक छोटासा खरा हुकूम लिहिला आणि आबांना पान पुन्हा उघडायला लावलं. त्यांच्या मोबाइलवर चौकट उभी राहिली: "मी आत आले."

आबा दचकले. "अगं, तू तर तिकडे बसलीयेस!"

हेच तर! आपल्या वाय-फायवर येणारा कुणीही असलं नाव घेऊन आला, की आबांनी पान उघडताक्षणी तो त्यांच्याच हातून राउटरची सेटिंग बदलू शकणार, अख्ख्या घराचं इंटरनेट भलतीकडे वळवू शकणार. कंपनीने त्या मॉडेलची दुरुस्ती कधीच सोडून दिलेली. मग निदान आत कोण येतं ते तरी आवरायला हवं. पासवर्ड आजच बदलायचा आणि घरच्यांशिवाय कुणालाही द्यायचा नाही, असं मी सांगून टाकलं.

"नाही बदलायचा," आबा म्हणाले.

मी समजावलं. दोनदा समजावलं. मग माझं डोकं फिरलं. "हट्टालाही काही सीमा असते आबा! उद्या काही झालं तर निस्तरायचं कुणी? मीच ना?" लॅपटॉप आपटून बंद केला आणि तोंड फुगवून बसले. थोड्या वेळाने आबांनी त्यांचा मोबाइल हळूच माझ्यासमोर सरकवला. यादीत खाली, येऊन गेलेल्या फोनांमध्ये, एक फिकट ओळ होती. भाऊचा फोन.

भाऊ तीन वर्षांपासून धुळ्याला असतो. आबांनी शब्द टाकून मिळवून दिलेली मिलमधली नोकरी त्याने न सांगता सोडली आणि तिकडे मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. मालकासमोर आबांची मान खाली गेली. रागाच्या भरात ते बोलून गेले, "या घराची पायरी पुन्हा चढू नको." भाऊ त्यांचाच लेक, नाही चढला. श्रावणात कानबाईच्या सणाला रोटांच्या जेवणासाठी सगळे भाऊबंद घरी जमतात, तेव्हाही नाही.

"दोनदा आला तो," आबा म्हणाले. "एकदा कानबाईला, एकदा परवाच्या बुधवारी. सात मिनिटं फोन वाय-फायला लागला नि गेला. गल्लीत उभा राहतो गं तो. त्याच्या फोनात जुनाच पासवर्ड आहे, तो बदलला तर मला कळायचं कसं?"

मला रडूच फुटलं. "मग तुम्ही बाहेर का नाही गेलात?"

"पहिल्यांदा हिंमत झाली नाही. दुसऱ्यांदा चपला सापडेपर्यंत निघून गेला."

सात मिनिटं! बाप आत मोबाइलकडे बघतोय, लेक बाहेर पायरीकडे. दोघांचाही इतका राग आला मला, आणि दोघांचीही इतकी माया आली. तिथल्या तिथे भाऊला फोन लावला, स्पीकरवर.

"गल्लीपर्यंत येऊन परत जातोस? लाज नाही वाटत?"

तिकडून भाऊने विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"आबा रोज तुझी हजेरी बघतात."

आबांनी माझ्या हातून फोन घेतला. मन भरून आलं की आबा गावच्या अहिराणीत बोलतात.

"पासवर्ड बदली टाका," ते म्हणाले. म्हणजे बदलून टाकला. चक्क खोटं बोलले, अजून काहीच बदललं नव्हतं. "आते गल्लीमा तुन्हा फोन लागाव नही. घरमा ये, मंग नवा सांगसू."

भाऊचा आवाज चिरकला. "आबा, आज येऊ?"

"ये," आबा म्हणाले, आणि फोनवर हात ठेवून माझ्यावर खेकसले, "बघतेस काय? बदल ना लवकर!"