दाजींच्या कानापर्यंत न पोहोचलेला होकार

दाजी घाडी बोलता बोलता थांबत, आणि समोरच्याने ‘होय’ म्हटल्याखेरीज त्यांचे पुढचे वाक्य येत नसे. एस.टी.च्या वाहकाला ‘मिठबावात उतरूचा आसा’ असे सांगून ते त्याच्या तोंडाकडे पाहत राहत. तो ‘बरं’ म्हणेपर्यंत त्यांचा हात खिशात जात नसे. मी जात्याच वादप्रिय माणूस. एकदा कसल्याशा मतभेदावरून मी हट्टाने होकार दिला नाही, तेव्हा देवळापासून खाडीपर्यंतचा सारा रस्ता आम्ही दोघे मुक्याने चाललो. खाडीवर पोहोचल्यावर दाजी कळवळून म्हणाले, “व्हय म्हण रे मेल्या, माका घराक जावचा आसा!”

या सवयीचे मूळ त्यांच्या मानात होते. आमच्या गावी जत्रेच्या दिवशी एकाने सर्वांच्या वतीने देवापुढे मागणे मांडायचे आणि प्रत्येक मागण्याअंती जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ असा होकार द्यायचा, अशी रीत आहे. याला गाऱ्हाणे म्हणतात. दाजींच्या घराण्याकडे तो मान पिढीजात होता, आणि त्यांचा आवाज असा, की सभामंडपातली कबुतरे पहिल्याच शब्दाला उडत. होकार आल्याविना ते पुढचे मागणे उच्चारीत नसत. म्हणत, “एकट्याचा मागणा म्हंजे चोरी. गाव व्हय म्हणता, तेव्हा ता मागणा होता.”

हे सारे आज सांगण्यास कारण आहे. आमच्या मुंबईकर मंडळाच्या स्मरणिकेत चिटणीस प्रदीप यांनी दाजींवर लेख लिहिला आहे. लेख सद्भावनेने लिहिला आहे, हे मी मान्य करतो. परंतु त्यात एक वाक्य असे आहे, की ‘अखेरच्या काळात दाजींना विस्मरणाने ग्रासले आणि जत्रेचे गाऱ्हाणे ते अर्ध्यावरच विसरले.’ हे धादांत असत्य आहे. गावात दुसरी कथा सांगतात, की ते मानापमानावरून रुसून निघून गेले. तीही असत्य आहे. प्रदीपराव त्या दिवशी मुंबईत संगणकाच्या पडद्यासमोर होते. मी देवळाच्या अंगणात उभा होतो. शिवाय उभी हयात मी दूरध्वनी खात्यात लायनींचे दोष शोधण्यात घालवली आहे. तेव्हा या विषयावर बोलण्याचा अधिकार कोणाचा, हे वाचकांनीच ठरवावे.

ते महामारीचे वर्ष होते. मुंबईहून कोणी येऊ शकत नव्हते आणि देवळात चौघांपलीकडे कोणास परवानगी नव्हती. तेव्हा गाऱ्हाणे दाजींनी देवळात घालावे आणि मुंबईकरांनी संगणकावरून होकार द्यावा, असे मंडळाने ठरवले. दाजींची सून सुनेत्रा शाळेत शिकवते, लॅपटॉप तिचा. पहिल्या चाचणीत स्पीकर लावला, तर मुंबईकरांचेच शब्द फिरून मुंबईस जाऊ लागले आणि एकच गलका झाला. म्हणून प्रदीपरावांनी बिनतारी हेडफोन कुरिअरने पाठवले. तारेचे चालले नसते, कारण लॅपटॉपचे टेबल आणि गाभाऱ्याचा उंबरठा यांत बरेच अंतर होते. ती वस्तू पाहून दाजी सुनेला म्हणाले, “ह्यां काय गो? माझ्या मानेर जू घालतस काय?”

“जू नाय ओ बाबा, कानाक लावूचा. मुंबैची माणसां हेच्यात बोलतली.”

“बोलतली मां? व्हय म्हणतली मां?”

हा प्रश्न थट्टेचा नव्हता. महिनाभर आधी सभामंडपावरून मोठा वाद झाला होता. जुना लाकडी मंडप उतरवून तेथे सिमेंटचा बांधावा, असे मुंबईकरांचे म्हणणे होते. दाजींनी त्यांना फोनवरच सुनावले होते, “तुमका सावली नको, फोटो होयो!” तेव्हापासून दोन्ही बाजूंकडून बोलणे तुटक झाले होते.

जत्रेच्या दिवशी दाजी समईजवळ, टेबलाच्या बाजूला उभे राहिले आणि त्यांनी पहिले वाक्य म्हटले. मुंबईचा होकार त्यांनी ऐकला. मान हलवलेली मी पाहिली. मग ते उंबरठ्याशी गेले आणि देवाकडे तोंड करून उभे राहिले. देवाकडे पाठ करून गाऱ्हाणे घालता येत नाही, म्हणून पाठ संगणकाकडे झाली. मध्ये चिऱ्याचा जाड खांब आला. दुसरे वाक्य म्हणून ते थांबले. अंगणात दूरदूर उभ्या असलेल्या आम्ही तिघांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटले. परंतु आमच्या तोंडावर फडके आणि त्यांच्या कानांवर ती झाकणे. त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटले. पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा म्हटले तेव्हा आवाज इतका खाली आला होता, की तो दाजींचा वाटेना. गाऱ्हाणे चालू असता घालणाऱ्याजवळ कोणी जायचे नाही, असा आमच्याकडे दंडक आहे. कोणी गेले नाही. दाजींनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले, देवाला हात जोडले आणि ते पायऱ्या उतरले.

“दाजी, काय झाला?” मी विचारले.

“काय नाय. झाला ता झाला,” एवढेच म्हणून ते गेले.

उरलेले गाऱ्हाणे त्यांच्या चुलतभावाने, बाबल्याने, कसेबसे पुरे केले आणि पुढल्या जत्रेपासून तो मान त्याच्याकडेच राहिला. मुंबईत सर्वांनी मोठ्याने होकार दिला होता, हे प्रदीपराव शपथेवर सांगतात. त्यांचे म्हणणे खरेच आहे. होकार देऊनही दाजी तेच वाक्य म्हणत राहिले, यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र खोटा आहे. “दाजी इसरले” हे वाक्य गावभर झाले, आणि ते दाजींच्या कानी घातले तेव्हा ते म्हणाले, “म्हणांदेत.” ज्या माणसाचे पाऊल होकाराविना पुढे पडत नसे, त्याने स्वतःवरचा हा आळ होय-नाही न करता सोसला. ते देवळाकडे जाईनासे झाले. बोलताना थांबण्याची त्यांची सवयही गेली. आता ते समोरच्याकडे न पाहता भराभर बोलून मोकळे होत. ते ऐकताना मला फार वाईट वाटे.

खरा दोष पुढल्या उन्हाळ्यात सापडला. सुनेत्रा तेच हेडफोन लावून घरून शाळेचे वर्ग घेत असे. एका दुपारी तिने मला बोलावले. “नाना, तुमी टेलिफोनातले. बघा मां जरा. फळ्याकडे वळलंय काय पोरांचो आवाज तुटता. समोर बसलंय काय येता.” ओटीवर दाजी आमसुले वाळत घालीत होते. त्यांचा हात थांबलेला मला दिसला.

मी क्रमाने तपासणी केली. हेडफोन फोनला जोडून पाहिले, आवाज स्वच्छ. लॅपटॉपवर भजन लावले, तेही स्वच्छ. मग व्हिडिओ कॉल लावला मात्र, आवाज डब्यातून यावा तसा बारीक आणि चिरका झाला. हेडफोनचाच माइक वापरू लागताच संगणक ऐकण्याचा दर्जा उतरवतो, हे तेथे कळले. त्यात सुनेत्राने पाठ फिरवली, की तिचेच शरीर मध्ये येई आणि तो क्षीण आवाज तुकडे तुकडे होऊन नाहीसा होई. तिचे बोलणे पलीकडे जात होते. पलीकडचे तिला येत नव्हते. आमच्या खात्यात याला एकतर्फी लाइन म्हणत. असल्या लायनीवर दोन्हीकडची माणसे एकमेकांना उद्धट समजून फोन आपटत, आणि दोष कोणाचाच नसे.

“म्हंजे पाठ फिरवली काय आवाज जाता?” दाजी दारात येऊन उभे होते.

“जाता,” मी म्हणालो.

“पलीकडची माणसां बोलत आसली तरी?”

“बोलत आसली तरी.”

दाजी दाराच्या चौकटीला टेकले. म्हणाले, “नाना, माका वाटला, गावान माका नाय म्हटल्यान.”

त्या क्षणी मला सारे उमगले. ते विसरले नव्हते, रुसले नव्हते. मंडपाच्या वादामुळे गावाने आपला होकार काढून घेतला, असे त्यांना वाटले होते, आणि ज्याला होकार नाही त्याने देवापुढे उभे राहू नये, म्हणून ते उतरले होते. मी तत्काळ प्रदीपरावांना फोन करायला निघालो. दाजींनी मनगट धरले.

“नको. गाऱ्हाणा आता बाबल्याच्या तोंडात दिलां. देवान ता आयकल्यान. मिया जित्तो आसय तवसर कोणाक सांगू नको. व्हय म्हण.”

मी पुष्कळ भांडलो. ते थांबून राहिले, पूर्वीसारखे, माझ्या तोंडाकडे पाहत. अखेर मी ‘व्हय’ म्हणालो. तो शब्द मी पाळला. गेल्या पावसाळ्यात दाजी गेले. मंडप त्याआधीच उतरवला गेला होता. त्यांच्या तोंडून एकदा खरे कळले असते, तर गावाने त्यांना खांद्यावर बसवून देवळात नेले असते. परंतु त्यांना ते नको होते, आणि गावाला ठाऊक नव्हते. आता माझ्यावर बंधन नाही.

विस्मरणाचा आरोप करणाऱ्यांसाठी एक पुरावा शिल्लक आहे. दोष सापडला त्याच दुपारी मी लॅपटॉप दाजींसमोर स्टुलावर ठेवला, हेडफोन त्यांच्या कानांवर चढवले, माइक मात्र लॅपटॉपचा निवडला, आणि सुनेत्राच्या फोनवर कॉल जोडून तो घेऊन आत माजघरात गेलो. “दाजी, कायतरी बोला,” मी म्हणालो. मग आले, “बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरां तुझ्या पायाशी उभी आसत रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा,” मी म्हणालो.

त्यांना ते ऐकू गेले. ओटीवरची चिमणी उडाल्याचे मला आत कळले. मग दाजींनी सबंध गाऱ्हाणे घातले. समुद्रात गेलेल्या होड्यांसाठी, काजूच्या मोहरासाठी, पोटुशा बायकांसाठी. एक शब्द गळला नाही, एक जागा चुकली नाही. आणि शेवटी म्हणाले, “जी लेकरां मुंबैक आसत, जी रागान लांब गेली, तेंका सुखरूप ठेव, आणि तेंची वाट हयसर तुझ्या पायाशी येवंदे रे म्हाराजा!”

माझा होकार लगेच गेला नाही. त्या वेळी यंत्र निर्दोष होते. दाजी ओटीवर थांबून राहिले होते.

“व्हय म्हाराजा,” मी म्हणालो.