चांगदेव आप्पांची घोंगडी आणि ढाण्या

आमच्या शेजारचे चांगदेव आप्पा आधी घसा खाकरतात, मग मिशीवरून बोट फिरवतात, आणि मग जे सांगतात त्यातलं निम्मं मेंढरांचं असतं. मेंढरं विकून न्हावऱ्यात ऊस-कांदा करायला लागल्याला जमाना झाला, तरी "कुत्रं कसं पाळायचं ते आमाला शिकवू नगा" हे वाक्य रोजचं.

म्हणून पुतण्यानं कोरेगाव भीमाहून रॉटवायलरचं पिल्लू आणलं, तेव्हा त्याच्या सूचना आप्पांनी कानावरच घेतल्या नाहीत. लहानपणीच माणसांची सवय लावा, रोज फिरवा, वगैरे. आप्पांनी मेंढरांच्या वाड्यावरची रीत काढली: आपली घोंगडी अंथरली आणि पिल्लू तिच्यावर निजवलं. घोंगडी जिथं, राखण तिथं.

वर्षात पिल्लाचं वासरू झालं. नाव ढाण्या. पाहुण्याच्या वाट्याच्या भाकऱ्या खातो, लाडात आला की छातीवर पंजे टेकवून माणूस आडवा करतो. अनोळखी दिसला तर भुंकत नाही, नुसता उभा राहतो. दूधगाडीवाल्याला तेवढंच पुरलं. तो दारी यायचा बंद झाला आणि आप्पांच्या बायको, बयाकाकू, कॅन उचलून डांबरी रस्त्यापर्यंत चालू लागल्या. काकू चिडल्या की आवाज नाकात जातो. त्याच आवाजात त्यांनी सांगितलं, "आता एक तर ह्यो ऱ्हाईल, न्हाई तर माझ्या गाया." काकूंच्या दौंडच्या भावाला, सोपानरावांना, पोल्ट्रीवर राखणीला कुत्रं हवंच होतं. त्यांना निरोप गेला. आप्पांचं जेवण निम्म्यावर आलं.

सोपानराव पिकअप घेऊन आले. ढाण्या उभा राहिला. पाहुण्याला कुत्र्यानं आपलं मानावं म्हणून आप्पांनी रीतीप्रमाणं घोंगडी त्यांच्या खांद्यावर टाकली आणि मोटर चालू करायचं निमित्त काढून उसात गेले. त्यांना बघवत नव्हतं.

घोंगडीनं काम केलं, जरा जास्तच. ढाण्या सोपानरावांच्या पायाशी बसला. ते उठले की गुरगुर, बसले की गप. चहा झाला, पोहे झाले, परत चहा झाला. एरवी बांधावरून बोलले तर नदीपलीकडं ऐकू जाणारे सोपानराव ओठ न हलवता म्हणाले,

"बया, ह्याला सांग, मी तुझा भाऊ हाय."

"त्यो माझं कवा ऐकतोय, दादा?"

शेवटी काकूंनी लांबूनच काठीनं घोंगडी ओढली. ढाण्या घोंगडीमागं निघाला. काकू थबकल्या. मग ती ओढतच घरामागच्या, कांदा साठवायच्या चाळीपाशी नेऊन टाकली. ढाण्या तिच्यावर बसला. सोपानराव पळत पिकअपमध्ये चढले. ढाण्यानं मान वळवून पाहिलं, उठला मात्र नाही.

आप्पा परतले तेव्हा पिकअप रिकामीच निघाली होती आणि काकू फोनवर दूधगाडीवाल्याला सांगत होत्या, "उद्या दारापातुर ये. कुत्रं चाळीवर हाय." फोन ठेवून त्या आप्पांकडं वळल्या. "आन् तुमी थंडीत काय पांघरायचं ते बघा. घोंगडी तिथनं हालायची न्हाई."

आप्पा चाळीपाशी गेले आणि ढाण्याला जरा सरक म्हणू लागले. तो सरकेना.