दवंडीवाल्याचा शब्द

बाळांनो, धंद्याचे नाव लोकांत कसे राखावे, हे तुम्ही तिकडे पुस्तकातून शिकता. मला ते सोलापुरात एका दवंडीवाल्याने सांगितले होते. त्याचे नाव मी कधी विचारले नाही. हलगीवर तीन ठोके देऊन तो आधी खाकरे, मग बोले. बायका हातातले काम टाकून दाराशी येत.

वडिलांच्या दुकानातल्या लाल चादरींचा रंग पहिल्याच धुण्यात गेला. बोभाटा झाला, तेव्हा दवंडीचा मजकूर लिहायचे काम माझ्याकडे आले, कारण घरात इंग्रजी शिकलेली मीच. "रंग पक्का आहे," असे सुबक लिहून मी त्याला वाचून दाखवले.

"अक्का, रंग गेलाय की! तसंच सांगू, चादरी बदलून देऊ म्हणू. लोक हसत्याल, पण पुन्हा हितंच येत्याल."

"लिहिलंय तेवढंच सांगा," मी म्हणाले.

त्याने सांगितले. पुढच्याच गल्लीत एका बाईने गुलाबी झालेले धोतर त्याच्या तोंडासमोर धरले. "ह्यो बघ तुझा पक्का रंग!"

शेवटी चादरी बदलून द्याव्याच लागल्या आणि दुकान सावरले. त्याच्या हलगीला मात्र दारे उघडेनात. एकदा तो उद्या नळाला पाणी नाही म्हणून ओरडत होता. शेजारीण म्हणाली, "त्याचं काय ऐकायचं!" पक्क्या रंगाचा तो मजकूर माझा होता, हे मी तेव्हाही बोलले नाही.