मामांच्या वाटचं चालणं

प्रयोगशाळेतल्या उंदरांचं खाणंपिणं, साफसफाई बघणाऱ्या माणसाला सगळे मामा म्हणत. मामांचं पोट आधी खोलीत शिरायचं, मग मामा. डॉक्टरांनी त्यांच्यासमोर सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट नाचवले होते, "कोलेस्टेरॉल आभाळाला टेकलंय, लिव्हर म्हणजे लोण्याचा गोळा. हं! चाला! रोज चाला!" तेव्हापासून मामीही डॉक्टरांसारखाच घोगरा आवाज काढून सुरू, "हं! अहो, चाला! निदान कप तरी उठून ठेवा!"

मामा काही चालले नाहीत.

या उंदरांवर संशोधन करणाऱ्या मॅडमचा प्रयोग असा. यकृतात एक प्रथिन असतं, ते पेशींना चरबी साठवायचा हुकूम सोडतं. मॅडम त्याला मुकादम म्हणत. अर्ध्या उंदरांतला मुकादम त्यांनी गप्प केला होता, अर्ध्यांतला कामावर होता. खाणं सगळ्यांना तेच, तुपकट. मुकादम गप्प तर यकृत स्वच्छ, मुकादम कामावर तर यकृत चरबीने लडबडलेलं, असा मॅडमचा दावा.

मामांचा जीव दुसऱ्या गटावर. बिचारे आपल्याच जातीचे! कपाटात जुन्या प्रयोगातली फिरती चाकं धूळ खात पडली होती. घरी जाताना मामा ती त्यांच्या पिंजऱ्यांत ठेवत, सकाळी मॅडम यायच्या आत काढून घेत. "पळा रे लेकांनो, माझ्या वाटचंही पळा!" उंदीर रात्रभर पळत आणि मामा रात्रभर घोरत.

निकालाच्या दिवशी मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून डोकं वर काढलं. चेहरा पार उतरलेला.

"दोन्ही गट सारखेच. चरबी कुठेच नाही. मुकादमाचा काही संबंधच नाही, मामा. इतक्या वर्षांचं काम पाण्यात. संध्याकाळी विभागाच्या सरांना सांगते, बंद करा म्हणून."

मामांनी कपाटाकडे पाहिलं. बोलावं तर नोकरी जाणार, गप्प बसावं तर मॅडमचा मुकादम फुकट मरणार.

"मॅडम, समजा... उंदीर जरा फिरायला जात असतील तर?"

"कुठे, बागेत?"

मामांनी कपाट उघडलं. चाकांना उंदरांचे ताजे केस चिकटलेले होते.

"मामा! हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"डॉक्टरांनी."

"उंदरांना चालवायला?"

"नाही, मला चालायला."

मॅडम स्टुलावर मटकन बसल्या. आधी तोंडाला येईल ते बोलल्या, मग एकदम उठल्या. "म्हणजे चरबी पळून जळाली, मुकादम अजून हरलेला नाही! नवे उंदीर, पहिल्यापासून! आणि मामा, तुमची शिक्षा मी ठरवणार."

आता नवे उंदीर पिंजऱ्यात मस्त लोळतात. त्यांच्या खाण्याचं पोतं चौथ्या मजल्यावर ठेवलंय आणि मामांना लिफ्ट बंद आहे. दोन वेळा जिने चढून-उतरून, धापा टाकत मामा पिंजऱ्यापाशी येतात.

"खा, लेकांनो, खा. तुमच्या वाटचं मी चालतोय!"